जोथम हेडनची विधवा

होडी परत आली, केतुरा आली नाही. नदीवर माणसं ने-आण करणारा प्रायमस ती रिकामी होडी आपल्या मोठ्या नावेमागे बांधून ओढत घेऊन आला. जोथम तेव्हा गोठ्यात होता. प्रायमसने हाक मारली नाही. तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. नोव्हेंबरच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात टोपी काढलेला माणूस पाहिला आणि जोथमच्या हातातली फावडी खाली आली.

"पाणकणसाच्या गवतात अडकली होती, जोथमभाऊ," प्रायमस म्हणाला. "उलटली नव्हती. सरळच होती."

"आणि ती?"

"टोपली आहे आत."

टोपलीतली लोकर कोरडी होती. दोन्ही वल्ही आत नीट शेजारी शेजारी ठेवलेली होती. किनाऱ्याला लागल्यावर माणूस ठेवतो तशी. पण होडी सापडली तिथे किनारा नव्हताच, नुसतं खाजण होतं. गवत, चिखल आणि त्यातून साप गेल्यासारखे फिरणारे खाडीचे फाटे.

जोथमची बायको केतुरा पलीकडच्या काठाला बहिणीकडे निघाली होती. त्या भागातल्या बायका चालायला लागल्या की वल्हवायलाही शिकतात, त्यामुळे ती एकटी जाते याचं कुणाला काही वाटत नसे. अंगावर तिचा लाल लोकरी डगला होता, टोपीसकटचा, घोट्यापर्यंतचा. निघताना तिने बजावलं होतं की वाटाणे भिजत घातलेत, दुपारी त्यात खारवलेलं मांस घालून चुलीवर चढव. ते वाटाणे भांड्यातच फुगून आंबले.

गावाने चांगला आठवडाभर खाजण पालथं घातलं. काही मिळालं नाही. पाद्रीबाबा घरी आले, गुडघ्यावर टोपी ठेवून बसले आणि म्हणाले, "जोथम, देहच नाही तर पुरायचं काय? वाट बघू या. देवाच्या मनात असेल तेव्हा नदी परत देईल."

वाट बघणं गावाला जमत नाही. त्या वर्षात नव्या जमिनीसाठी पश्चिमेला ओहायोकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. कुणाचा भाऊ गेला, कुणाचा जावई गेला, आणि एखाद्या घरातली बायकोही परक्या गाडीत बसून गेली होती. तेव्हा विहिरीवर कुजबुज सुरू झालीच. वल्ही आत नीट ठेवलेली होती म्हणे. म्हणजे उतरली असेल कुठे तरी. कोरड्या पायांनी.

जोथमच्या कानावर ते आलं. तो कुणाशी भांडला नाही. रोज ओहोटी लागली की लांब काठी घेऊन तो खाजणात जाई आणि चिखलात ती खुपसत फिरे. ती मेली असेल तर तिला मातीत ठेवायचं होतं. जिवंत असेल तर फक्त एवढं विचारायचं होतं की का. दोन्हींपैकी एक काहीतरी हातात यावं, मग पुढचं बघता येईल, असं त्याला वाटे. मग थंडी वाढली, खाजण गोठलं, आणि काठी बर्फावर आपटून परत येऊ लागली.

फेब्रुवारीत मतदान आलं. जिल्ह्याचं नवं कोर्ट वरच्या क्रेनटनला बांधायचं की खालच्या बेथेलला, एवढाच प्रश्न होता. पण कोर्ट येईल तिथे वकील येणार, वकील येतील तिथे खानावळी, आणि खानावळी येतील तिथे जमिनीचे भाव. दोन्ही गावं अशी पेटली होती की सोयरे सोयऱ्यांकडे जेवेनात. खानावळवाले फुकट दारू पाजत होते. चालता येत नाही अशा म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलून नेत होते.

शेजारची फीबी क्रेन सकाळीच येऊन दारात उभी राहिली. सत्तरीची विधवा. तिला अख्खं गाव आत्या म्हणे.

"बर्फावरची घसरगाडी जुंप, जोथम. मला मत द्यायला जायचंय."

"मला नाही यायचं, आत्या."

"तुला कोण विचारतंय? गाडी तुझी आहे, घोडी तुझी आहे. तू नुसता लगाम धर."

"कोर्ट इथे झालं काय, तिथे झालं काय..."

"कोर्ट गेलं खड्ड्यात. मी मत द्यायला जाते ती वर्षातून एकदा कुणीतरी मला नाव विचारतं म्हणून जाते." गाडीत चढता चढता ती बोलतच राहिली. "तीस वर्षं संसार केला. नवरा होता तोवर जमीन त्याची, गाय त्याची, मत त्याचं. तो गेला त्या दिवशी मी माणसात आले. आपल्या जर्सी राज्याचा कायदा मोठा गमतीचा आहे बाबा. लग्न न झालेलीला मत आहे, विधवेला आहे. नवरा जिवंत असलेलीला नाही. तुझ्या केतुराने मला एकदा विचारलं होतं, आत्या, मला कधी मिळेल? मी म्हटलं, जोथमला आधी विचार, कधी मरतोयस म्हणून. खो खो हसली होती पोरगी."

घोडीच्या नाकातून वाफा निघत होत्या. आत्याने त्याच्या पाठीवर एक थाप मारली.

त्या दिवशी मतपेटी शाळेच्या खोलीत ठेवली होती. आदल्या दिवशी ती वरच्या अंगाला, पुलाजवळच्या खानावळीत होती, कारण पेटी अधिकाऱ्यांसकट गावोगाव फिरायची. टेबलामागे मीकर नावाचे अधिकारी बसले होते. ते डोंगराकडच्या गावाचे होते, या बाजूचं त्यांना कुणी माहीत नव्हतं. आत्याने आपलं नाव खणखणीत आवाजात सांगितलं, चिठ्ठी पेटीत टाकली आणि विजयी मुद्रेने बाजूला झाली. मागून जोथम पुढे आला. आलोच आहोत तर टाकू, इतकंच त्याच्या मनात होतं.

"नाव?"

"जोथम हेडन. खाजणाकाठचा."

मीकरसाहेबांनी मान वर केली. "कोण?"

"जोथम हेडन."

"हे बघा, हा थट्टेचा दिवस नाही. जोथम हेडन वारलेत. काल त्यांची विधवा स्वतः मत देऊन गेली."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. पण खाजणाकाठची दहा-बारा माणसं तिथे होती. ती हसली नाहीत.

"साहेब," आत्या म्हणाली, "ज्याला तुम्ही मारताय तो तुमच्यापुढे उभा आहे. मी त्याला पाळण्यात पाहिलंय. आज सकाळीही पाहिलंय."

"मग ती बाई कोण होती?"

"कशी होती?" जोथमने विचारलं. "दिसायला कशी होती ती?"

मीकरसाहेब जरा घुटमळले. "चेहरा नाही पाहिला. टोपी पुढे ओढलेली होती. लाल डगला. आवाज फार बारीक. मी म्हटलं, बाई, मोठ्याने बोला. तर पुन्हा तसंच. जोथम हेडनची विधवा, म्हणाली. मला आठवतंय, कारण तिच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. टेबलापुढे थारोळं झालं होतं. एवढी कडक थंडी, बाहेर सगळं गोठलेलं, आणि ही बाई चिंब. मी म्हटलं, बाई, शेकोटीजवळ बसा जरा. वळून पाहतो तर गेलेली."

प्रायमस दाराजवळ आपल्या पाळीची वाट बघत होता. तो काळा होता, पण कुणाचा गुलाम नव्हता; त्याची स्वतःची नाव होती, स्वतःचं घर होतं, आणि तोही दर वर्षी मत द्यायचा. तो पुढे आला. "साहेब, हा माणूस जिवंत आहे याची साक्ष मी देतो. लिहून घ्यायचं तर घ्या."

"दोन साक्षी लागतील," मीकरसाहेब म्हणाले.

"मी काय मेलेय?" आत्या कडाडली.

पण जोथम तिथे थांबलाच नव्हता. तो बाहेर जाऊन घोडीचं तोंड वळवत होता. आत्या धापा टाकत गाडीत येऊन बसली. प्रायमसही मत न देताच मागे चढला.

"जोथम, नीट ऐक," आत्या म्हणाली. "लाल डगले जिल्ह्यात शेकड्याने आहेत."

"ती जिवंत आहे, आत्या. डोक्याला मार लागला असेल. मी मेलो असं तिला वाटत असेल."

"आणि तीन महिने होती कुठे?"

"म्हणूनच विचारायचंय."

पुलाजवळच्या खानावळीपुढे गाड्यांची दाटी होती. तिथून मेंढरं हाकावीत तशा सात-आठ बाया रस्त्याने खाली निघाल्या होत्या. त्यांना शाळेत नेऊन मत द्यायला लावायचं होतं. पुढे खानावळवाला चालला होता. आत्या डोळे बारीक करून पाहत राहिली.

"गाडी थांबव. या बाया नव्हेत."

"म्हणजे?"

"ती दुसरी बघ, हनुवटीवर वस्तऱ्याने कापलंय. आणि घागरा बघ कसा धरलाय, विजार वर करून ओढा ओलांडतात तसा. अरे देवा. ही सगळी बाप्ये मंडळी आहेत! विधवा बनून चाललेत मत द्यायला!" ती गाडीत उभी राहून ओरडली, "ए धटिंगणा! कधी मेला तुझा नवरा? सुतक तरी पाळायचंस!"

त्या घोळक्यातून हशा उठला. एकाने घागऱ्याखालून पाइप काढून तिला सलाम ठोकला.

जोथमचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या मागे, दहा पावलं अंतर ठेवून, लाल डगला चालला होता. टोपी खाली ओढलेली. बारकी पावलं, डावा पाय किंचित आत. तशी चालणारी एकच बाई त्याने आयुष्यात पाहिली होती. डगल्याची किनार बर्फावरून फरफटत होती आणि तिच्यामागे ओला पट्टा उमटत होता. पुढे चाललेल्या कुणाच्याही मागे तसा पट्टा नव्हता.

"केतुरा!"

डगला जागच्या जागी थांबला. वळला नाही. जोथम गाडीतून उतरून चालत गेला. डगल्याच्या खांद्याजवळ निळ्या कापडाचं ठिगळ होतं. चुलीची ठिणगी पडून भोक पडलं तेव्हा केतुराने त्याच्याच जुन्या विजारीतून ते कापलं होतं.

मग डगला वळला. टोपीच्या आत झीनस बॉनेलचा चेहरा होता. हा खाजणात सापळे लावून पाणउंदीर धरायचा आणि त्यांची कातडी विकायचा. दाढी नुकतीच केलेली, ओठ निळेजांभळे, दात वाजत होते. त्याने जोथमला पाहिलं आणि तो रडायलाच लागला.

"काढ हा माझ्या अंगावरून," तो म्हणाला. "मला निघत नाही. कालपासून निघत नाही."

गळ्याशी पितळी आकडा होता. तो आधी उचलायचा, मग आत दाबायचा. ती खुबी केतुराला माहीत होती आणि जोथमला. जोथमने हात लावला आणि आकडा सुटला. डगला खाली पडला तो ओल्या पोत्यासारखा आवाज करून.

"कुठून आणलास?"

"खानावळवाला म्हणाला, बायकी कपडे असतील ते घालून या..."

"झीनस, कुठून आणलास?"

झीनस खाली बसला. प्रायमसने आपला कोट काढून त्याच्या अंगावर टाकला.

"बगळेखाडीत," झीनस म्हणाला. "डिसेंबरात. सापळे बघायला गेलो होतो. काठाखाली होती. डगला पाण्यावर पसरलेला होता आणि ती त्याच्याखाली होती. माझी बायको दिवसरात्र खोकते, जोथम. घरात पांघरायला गोणपाट आहे. मी म्हटलं, हिला आता थंडी कुठली वाजतेय."

"आणि तिला?"

"तिला..."

"तिला तिथेच सोडलंस?"

"सांगायलाच येणार होतो. पण डगला हातात होता ना! कुणीतरी विचारलं असतं, अंगावरचं काय झालं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता खाजण गोठलं." त्याने नाक पुसलं. "बायकोने अंगाला लावला नाही तो. वाळतच नाही म्हणाली. महिनाभर चुलीपुढे टांगलाय, जोथम. खालची जमीन भिजते, पण तो वाळत नाही."

आत्याने विचारलं, "आणि हेडनची विधवा म्हणून नाव द्यायला तुला लाज नाही वाटली, मेल्या?"

झीनस तिच्याकडे बघतच राहिला. "हेडनची? नाही आत्या. मला पढवलं होतं, विधवा ग्रीन, खालच्या अंगाची. वाटभर घोकत गेलो होतो. तिथे तोंड उघडलं आणि..." त्याने गळ्याला हात लावला. "काय बोललो ते मला ऐकूच आलं नाही. कानांत पाणी गेल्यासारखं झालं. साहेबांनी मान हलवली, मी समजलो झालं काम. मी हेडन म्हणालो? जोथमचं नाव घेतलं मी?"

खानावळवाला दुरून हाका मारत होता, झीनस, चल लवकर, पेटी बंद होईल. मग त्याने इकडचं दृश्य पाहिलं आणि उरलेल्यांना घेऊन तो पुढे निघाला.

ऊन होतं तोवर ते चौघे खाजणात पोचले. गोठलेल्या खाजणातून घोडी न्यायची तर पाय रुतू नयेत म्हणून खुरांना लाकडी पाट बांधावे लागतात. ते काम प्रायमसने केलं. आत्याला घरी जा म्हटलं, तर ती म्हणाली, "बाईच्या जातीची कुणीतरी नको का तिथे?"

बगळेखाडी म्हणजे खाजणाच्या पोटातला एक अरुंद फाटा. दोन्ही काठांवर गवत बर्फाने वाकून पडलेलं. झीनस पुढे चालत होता, सारखा मागे वळून जोथमच्या हातातल्या डगल्याकडे बघत होता. एका वळणावर तो थांबला.

"इथे."

सगळी खाडी हातभर जाडीच्या बर्फाखाली होती. फक्त त्या काठाखाली बर्फ नव्हता. तिथे एक मोकळी जागा होती, माणसाच्या लांबीची, खांद्याकडे रुंद आणि पायांकडे निमुळती. आत काळं पाणी होतं. वारा पडलेला असून ते हलत होतं, अगदी सावकाश, झोपेतल्या छातीसारखं.

"गरम झरा असेल," प्रायमस म्हणाला. "असतात कधी कधी." पण तो काठापासून दोन पावलं मागेच उभा होता.

जोथम पोटावर आडवा झाला आणि त्याने दंडापर्यंत हात आत घातला. पाणी थंड नव्हतं. गरमही नव्हतं. अंगाला अंग लागावं तसं होतं. त्याने तळ चाचपला. चिखल, गवताच्या मुळ्या, शिंपल्या. काठी घातली, गळ घातला. प्रायमसने आणि झीनसने आजूबाजूचा बर्फ कुऱ्हाडीने फोडला, काठाखालची माती उकरली. झीनसच्या हातांतून रक्त आलं तरी तो थांबला नाही. ओहोटी लागली तसं पाणी खाली गेलं आणि तळ उघडा पडला. तळावर चिखलात तसाच एक आकार होता, कुणी तरी नुकतंच कूस बदलून उठून गेल्यासारखा. बाकी काही नव्हतं.

"भरतीने ओढून नेलं असेल," प्रायमस म्हणाला. "महिना-दोन महिने म्हणजे केवढं झालं, जोथमभाऊ."

"डगला होता तोवर ती अडकून होती," जोथम म्हणाला. त्याने झीनसकडे पाहिलंही नाही. "डगल्यानेच धरून ठेवलं होतं तिला."

झीनस त्यावर काही बोलला असता, पण आत्याने त्याला हाताने गप्प केलं. मग ती वाकली आणि त्या उघड्या तळाकडे बघून, घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाली, "केतुरा, तो जिवंत आहे गं. तुला कुणीतरी चुकीचं सांगितलं. विधवा नाहीस तू." घोडी फुरफुरली. पाणी परत चढायला लागलं तेव्हा ते निघाले.

मतमोजणी झाली तेव्हा पेट्यांतून इतक्या चिठ्ठ्या निघाल्या की तेवढी माणसं जिल्ह्यात जन्मलीच नव्हती. सगळं मतदान रद्द झालं. पुढच्या हिवाळ्यात कायदेमंडळाने नवा कायदा केला. निवडणुकीतले घोटाळे थांबावेत म्हणून यापुढे फक्त गोऱ्या पुरुषांनी मत द्यावं. प्रायमसचं मत गेलं, फीबी आत्याचंही गेलं.

"सोंग कुणी घेतलं आणि तोंड कुणाचं बांधलं," आत्या जोथमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. "जाऊ दे. आता वर्षातून एकदाही मला नाव विचारायला कुणी नाही. तू तरी विचारत जा अधूनमधून."

"काय नाव तुमचं?" जोथमने विचारलं.

"चल, चावट कुठला," ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "फीबी."

झीनसची बायको त्याआधीच उन्हाळ्यात खोकल्याने गेली. तो घर विकून ओहायोकडे गेला. जाताना जोथमला भेटायला आला होता, पण फाटकापाशीच उभा राहिला आणि तसाच परतला. विहिरीवरची कुजबुज थांबली, एवढं मात्र झालं. केतुरा कुठे पळून गेली नव्हती, हे सगळ्यांना कळलं.

पाद्रीबाबांनी सुचवलं की डगलाच शवपेटीत घालून पुरू या, प्रार्थना म्हणू. जोथम नको म्हणाला. रिकाम्या डगल्याला बायको म्हणून मातीत घालणं त्याला पटेना. तो डगला आता ओसरीवर खुंटीला असतो. उन्हाळ्याच्या ऐन उन्हातही त्याच्या खालची फळी ओली असते. जोथम ती सकाळ-संध्याकाळ पुसतो.

खाजणातलं गवत कापून झालं की तो ओहोटीला काठी घेऊन बगळेखाडीत जातो, तिथून पुढच्या फाट्यात, आणि त्याच्या पुढच्या. निम्मं खाजण पाहून झालं आहे. केतुराला मातीत ठेवायचं अजून राहिलं आहे.